सायकल ठेवायची कोठे?

गेल्या चैत्रातील गोष्ट. काही कामानिमित्त आम्ही आग्रा-मुंबई मार्गावरील एका नव्या, काचेच्या तावदानांनी झगमगणाऱ्या इमारतीत गेलो होतो. सकाळचे पावणेदहा वाजले होते. कचेऱ्या उघडण्याची वेळ. आमची स्कूटर फाटकाशी येताच पहारेकऱ्याने मान हलवली आणि तळघराच्या उताराकडे बोट दाखवले. आमच्या मागोमाग चाळिशीचा एक गृहस्थ सायकलवरून आला. कॅरियरला जेवणाचा डबा, हँडलला पाण्याची बाटली, पँट साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी दुमडलेली. त्याला मात्र हात आडवा झाला. "साइकल अंदर नहीं, भैया. बाहर लगाओ."

त्या गृहस्थाने वाद घातला नाही. रोजचेच असावे. त्याने सायकल वळवली, गटार आणि विजेचा खांब यांच्यामधल्या हातभर जागेत ती कुंपणाला टेकवली, गजातून साखळी ओवली, कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि तो आत गेला. योगायोगाने आमचे काम ज्या कचेरीत होते, तेथलाच तो सेवक निघाला. रोज सकाळी कचेरी उघडण्याच्या किल्ल्या त्याच्याच खिशात असत. ज्याच्या हाती सगळी कचेरी विश्वासाने सोपवलेली, त्याच्या सायकलीला मात्र फाटकाच्या आत थारा नव्हता!

परत निघताना आम्ही पहारेकऱ्यापाशी क्षणभर थांबलो आणि सायकल आत का येऊ देत नाहीत, म्हणून विचारले. "ऊपर से ऑर्डर है, साहब." मग सहज विचारले, की तुम्ही स्वतः कामावर कसे येता? तो ओशाळल्यासारखा हसला. कुंपणाला टेकलेल्या सायकलींपैकी तिसरी त्याचीच होती.

तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही. सायकलीच्या थोरवीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. धूर नाही, इंधन नाही, प्रकृतीला हितकर, खिशाला परवडणारी, हे सारे आता शाळकरी मुलेही निबंधात लिहितात. सायकलींसाठी रस्त्यात वेगळी मार्गिका असावी, अशी मागणीही होते आणि ती रास्तच आहे. परंतु प्रत्येक रस्ता शेवटी कोठे तरी पोचतो. कामावर पोचल्यावर सायकल ठेवायची कोठे, या साध्या प्रश्नाचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

भोंग्याच्या काळातील गोष्ट

वास्तविक, हा प्रश्न आपल्या शहराने एकदा सोडवलेला होता. होळकर संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू केलेल्या सरकारी गिरणीपासून इंदुरात कापडधंद्याची मुळे रुजली. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या पाहण्यासाठी रात्र रात्र जागलेली माणसे आजही घरोघर भेटतील. त्या गिरण्यांकडे जाणारे रस्ते पाळी बदलताना कसे दिसत, हे मात्र आता थोड्यांनाच आठवत असेल.

परदेशीपुऱ्यात राहणारे एक वृद्ध गृहस्थ आम्हांला भेटले. खानदेशातून आलेल्या कुटुंबातले. उभी हयात मागावर गेली. आम्ही विषय काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, भोंगा झाला की रस्ता दिसत नसे. नुसत्या घंट्या!" ते म्हणाले. "फाटकाच्या आत पत्र्याची लांबच लांब शेड होती. तिथला माणूस पत्र्याचा बिल्ला द्यायचा. त्याचा जोडीदार बिल्ला सायकलीच्या हँडलला. आकडे जुळल्याशिवाय सायकल बाहेर जाणार नाही. मग तुम्ही गिरणीचे साहेब असा, नाहीतर झाडूवाले."

"आजोबा, पण समजा शेड नसती, तर काय बिघडले असते?" आम्ही मुद्दामच विचारले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सायकल बाहेर राहिली, की माणसाचे मनही बाहेरच राहते. आणि मागावर मन नसले, की धागा तुटतो."

या एका वाक्यात आम्हांला साऱ्या विषयाचे मर्म सापडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांच्या सोयींचा बराच बारकाईने विचार केला होता. हातपाय धुण्याची जागा, कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवण्याची सोय, दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे विश्रांतिगृह व जेवणघर, अडीचशेहून अधिक असतील तेथे उपाहारगृह, असे सारे त्या कायद्यात होते. कामगाराचा सदरा टांगण्याच्या खुंटीचा विचार झाला होता. पण ज्या वाहनावर बसून तो येई, त्याचा उल्लेख त्या यादीत नव्हता. तरीही गिरण्यांतून सायकलींच्या शेड उभ्या राहिल्या, त्या व्यवहाराच्या गरजेपोटी. एका फाटकाशी हजार सायकली आल्या, की त्यांची व्यवस्था लावावीच लागते. नाहीतर फाटकच बंद पडते.

पुढे गिरण्यांचे दिवस फिरले. हुकुमचंद गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या रकमेचा प्रश्न मिटायला डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. भोंगे थांबले, त्यांबरोबर शेडही गेल्या. सायकलस्वार मात्र नाहीसा झाला नाही. तो विखुरला. आज तो दुकानांत आहे, रुग्णालयांत आहे, शिकवणीवर्गांत, पतपेढ्यांत, मॉलमध्ये, कचेऱ्यांत आहे. एका ठिकाणच्या हजार सायकली शंभर ठिकाणी दहा-दहा अशा वाटल्या गेल्या. आणि दहा सायकली म्हणजे कोणाच्याच नव्हेत! मालक म्हणतो, एवढ्यांसाठी काय शेड बांधायची? इमारतीचा व्यवस्थापक म्हणतो, ते ज्याच्या त्याच्या कचेरीने पाहावे. कचेरी म्हणते, आवार आमचे नाही. या टोलवाटोलवीत सायकल कुंपणाबाहेर जाते आणि तेथेच राहते.

चालते चाळीस मिनिटे, उभी नऊ तास

साधा हिशेब करून पाहू. घर ते कचेरी हे अंतर पाच किलोमीटर धरले, तर बेताच्या वेगाने सायकलला वीस मिनिटे लागतात. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे. कामाचे तास आणि जेवणाची सुट्टी मिळून नऊ तास होतात. म्हणजे सायकल चालते चाळीस मिनिटे आणि उभी राहते नऊ तास. आपण तिच्या चाळीस मिनिटांचा विचार करतो. नऊ तासांचा विचार आपल्या मनालाही शिवत नाही.

माळव्यातील वैशाखात ते नऊ तास उन्हात काढलेल्या सायकलीची काय दशा होते, ते ज्याने संध्याकाळी तिच्या सीटवर हात ठेवून पाहिला आहे त्याने सांगावे. रबर तडकते, ट्यूबचे जुने ठिगळ सुटते. पावसाळ्यात साखळी गंजते, ब्रेकच्या तारा अडकतात. रस्त्यावरून जाणारी एखादी मालगाडी मडगार्ड चेपून जाते; कोणी टवाळखोर हवा सोडून देतो. आणि या सर्वांहून मोठी धास्ती चोरीची.

आमच्या परिचयाचा एक तरुण एका व्यापारी संकुलात मदतनीस म्हणून कामाला आहे. सायकल आत ठेवू देत नव्हते, म्हणून तो ती रस्त्याच्या कडेला ठेवी. एके संध्याकाळी बाहेर येऊन पाहतो, तो तुटलेली साखळी तेवढी जमिनीवर पडलेली! साध्या नव्या सायकलीलाही आज पाच-सात हजार रुपये पडतात. ती रक्कम त्याच्यापाशी एकदम कोठून असणार? पुढचे काही महिने तो रोज टेंपो आणि पायपीट यांची सांगड घालून येत होता. उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. म्हणजे सायकल ज्यांनी आत घेतली नाही, तेच पुढे सायकल नसल्याचा दंडही वसूल करीत होते! आम्ही त्या संकुलाचे नाव घेत नाही, कारण तेथे जे घडले ते जागोजागी घडते आहे.

आणखी एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या एका ताईंची आमची ओळख आहे. त्यांचे शिक्षण खेडेगावात झाले. दुसऱ्या गावी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना मध्यप्रदेश शासन विनामूल्य सायकली देते. त्यांतीलच एका सायकलीवर बसून त्या दहावीपर्यंत पोचल्या. शहरात नोकरी लागल्यावरही त्यांनी सायकल सोडली नाही. रुग्णालयाच्या पुढच्या अंगाला मोटारी, बाजूला स्कूटरी आणि सायकली ठेवायच्या त्या मागच्या बाजूस, जेथे कचऱ्याच्या पेट्या ठेवतात तेथे. तेथे दिवा नाही. त्यांची पाळी संपते रात्री नऊला. त्या म्हणाल्या, "सायकल चालवायची मला कधीच भीती वाटली नाही हो. सायकलपर्यंत चालत जायची भीती वाटते." शेवटी त्यांनी कर्ज काढून स्कूटर घेतली. ती बाजूच्या उजेडात उभी राहते. ज्या सायकलीने खेड्यातील मुलीला शाळेपर्यंत पोचवले, ती शहरातल्या एका न लावलेल्या दिव्यापाशी येऊन थांबली.

'हल्ली सायकलने येतो कोण?'

हा विषय काढला, की हा प्रश्न हटकून ऐकू येतो. त्याचे उत्तर २०११ च्या जनगणनेने दिलेले आहे. शेती व घरगुती उद्योग वगळून इतर काम करणारे लोक कामावर कसे जातात, हे त्या जनगणनेत विचारले गेले. अशा सुमारे २० कोटी लोकांपैकी १३ टक्के, म्हणजे २ कोटी ६० लाखांच्या घरातील लोक, सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलीने जाणाऱ्यांचे प्रमाण तेव्हा याहून किंचित कमीच होते आणि मोटारीने जाणारे तर ३ टक्केही नव्हते. त्यानंतर काळ पालटला, दुचाकी वाढल्या, हे मान्य. परंतु आपल्या इमारतींची रचना अशी, की जणू त्या तीन टक्क्यांनीच सारे शहर भरलेले आहे.

शिवाय जे सायकलने येत नाहीत, त्यांतले कितीजण जागा नाही म्हणून येत नाहीत, हे कोण मोजणार? विहीरच नसलेल्या गावात पोहणारे किती, म्हणून विचारण्यासारखे ते आहे. आमच्या परिचयाचे दोन-तीन मध्यमवयीन अधिकारी डॉक्टरांच्या सल्ल्याने सायकलकडे वळले होते. चांगली, महागाची सायकल घेतली. आठवडाभर कामावर नेली आणि मग रविवारच्या फेरफटक्यापुरती ठेवली. कारण एकच: "कचेरीत ठेवायची कोठे?" येथे साहेब आणि शिपाई एकाच अडचणीत सापडतात. भेद एवढाच, की साहेबांपाशी दुसरे वाहन असते.

दुसरा आक्षेप जागेचा. शहरात जागेला सोन्याचे मोल आले आहे, तेव्हा सायकलींना जागा द्यायची कोठून? याही आक्षेपाला टेप लावून पाहण्यासारखा आहे. एक मोटार उभी करण्यास सुमारे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. त्याच जागेत मीटरभर अंतरावर पाच लोखंडी कमानी रोवल्या आणि प्रत्येक कमानीच्या दोन अंगांना दोन सायकली लावल्या, तर दहा सायकली सुखाने मावतात. एका मोटारीतून बहुधा एकच मनुष्य उतरतो. तेवढ्याच जागेत दहाजणांची सोय होते. तेव्हा ज्याला जागेची टंचाई आहे त्याने तर सायकलींचे स्वागतच करावयास हवे.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही; परंतु आमच्या मते खरा आक्षेप तोच. सायकली दर्शनी भागात बऱ्या दिसत नाहीत! संगमरवरी पायऱ्यांशी गंजक्या सायकली उभ्या राहिल्या, तर येणारे-जाणारे काय म्हणतील? काय म्हणतील, ते आम्ही सांगतो. येथे काम करणाऱ्या माणसांची येथे कदर होते, असे म्हणतील. गेल्या काही वर्षांत 'हरित' म्हणून मानांकन मिळवण्याची हौस मोठ्या इमारतींना लागली आहे आणि त्या मानांकनात सायकल स्टँडलाही गुण असतात. अशा एका इमारतीत आम्ही तो स्टँड पाहिला. फलक होता, रंग ताजा होता आणि त्यात चार मोटारसायकली उभ्या होत्या. सायकली अर्थातच बाहेर! कागदावर मिळालेले गुण जमिनीवर उतरले नाहीत, तर त्या हिरवेपणाला काय अर्थ?

चांगला स्टँड कसा असावा?

सायकल स्टँड बांधणे हे काही धरण बांधणे नव्हे. तरीही तो बिनविचाराने बांधला, तर पैसा वाया जातो. आम्ही जे पाहिले आणि जाणकारांकडून ऐकले, त्याचे सार असे.

पहिली गोष्ट जागेची. स्टँड दाराजवळ आणि पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हवा. आडबाजूचा स्टँड म्हणजे चोराला दिलेले निमंत्रण होय. तळघरात जागा द्यायची असेल, तर उतार सायकल हाताने नेण्याइतका सौम्य हवा आणि मोटारींच्या धांदलीतून वाट काढावी लागता कामा नये.

दुसरी गोष्ट आधाराची. पुष्कळ ठिकाणी जमिनीत खाचा करतात किंवा पुढचे चाक अडकेल अशा लोखंडी पट्ट्या लावतात. नुसत्या चाकाच्या आधारावर उभी असलेली सायकल जरा धक्का लागला की कलते आणि चाक वाकडे होते. कुलूपही चाकालाच लागते. मग चोर चाक तेथेच ठेवून उरलेली सायकल घेऊन जातो. याहून चांगली ती उलट्या 'यू'च्या आकाराची नळी. इंग्लंडातील शेफील्ड शहरावरून तिला नाव मिळाले असून ती आता जगभर रूढ झाली आहे. सुमारे पाऊण मीटर उंचीची ही कमान जमिनीत पक्की रोवायची. सायकल तिला टेकवून दांडी आणि चाक दोन्ही मिळून कुलपात घ्यायचे. तिला ना यंत्र लागते, ना देखभाल. कोपऱ्यावरचा कोणताही वेल्डिंगवाला ती दोन दिवसांत करून देईल. भिंतीला चिकटून मात्र ती लावू नये. हँडलला जागा हवी.

तिसरी गोष्ट छपराची. आपल्या हवेत ती चैन नव्हे. चौथी दिव्याची, तिचे महत्त्व वर सांगितलेल्या ताईंच्या अनुभवावरून कळेल. पाचवी गोष्ट जबाबदारीची. जुन्या बिल्ल्याची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. निदान एक वही आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा एक मनुष्य असावा. याखेरीज हवा भरण्याचा एक पंप आणि तोंड धुऊन सदरा बदलण्यापुरता आडोसा, एवढे झाले म्हणजे सोय पूर्ण झाली. घामाघूम होऊन कचेरीत शिरण्याचा संकोच हेही सायकल सोडण्याचे एक मोठे कारण असते, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत.

आणि एक कटाक्षाने पाळण्याचा नियम: सायकलींच्या जागेत मोटारसायकल उभी राहता कामा नये. हा नियम मोडला, की आठ दिवसांत स्टँड सायकलींचा उरत नाही.

दूरदेशीचा धडा

परदेशांतील उदाहरणे देण्याची आम्हांला फारशी हौस नाही. तथापि या बाबतीत दोन देशांकडून शिकण्यासारखे आहे. जपानमध्ये रेल्वेस्थानकांभोवती लोक वाटेल तेथे सायकली टाकून जात आणि त्यांचे डोंगर साचत. त्यावर सायकलबंदी हा उपाय न योजता तेथील संसदेने १९८० साली कायदाच केला आणि सायकलींसाठी जागा निर्माण करण्याचे काम हाती घेतले. टोकियोतील कासाई स्थानकाखाली तर २००८ पासून यंत्राने सायकली भूगर्भात ठेवून घेणारा तळ चालू आहे. हॉलंडमधील उत्रेख्त शहरात रेल्वेस्थानकालगत १२,५०० सायकलींचा तळ २०१९ साली पूर्ण झाला. पहिले चोवीस तास तेथे एक पैसाही पडत नाही. ही दोन्ही राष्ट्रे आपल्याहून पुष्कळ धनवान आहेत. मोटारी परवडत नाहीत म्हणून काही तेथील लोक सायकलवर बसत नाहीत. सायकल ही दारिद्र्याची खूण होय, ही समजूत आपली आहे. तिचा सायकलीशी संबंध नाही.

आपल्याकडेही शासनाला हे कळत नाही असे नव्हे. केंद्र शासनाने २००६ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभाच असा, की रस्ते वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या ने-आणीसाठी आहेत. सायकली सुरक्षित ठेवण्याच्या जागांचाही विचार त्या धोरणात आहे. परंतु धोरण दिल्लीत ठरते आणि फाटक इंदुरात असते. त्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी धोरण वाचीत नाही. तो 'ऊपर का ऑर्डर' ऐकतो. तेव्हा तो 'ऊपर' कोठेतरी बदलला पाहिजे.

आणि तो बदलू शकतो, हे या शहराने दाखवून दिले आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर सातत्याने अग्रस्थानी आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा, म्हणून सांगितले तेव्हा हसणारे आपणच होतो. आज आपल्या घरातली लहान मुले पाहुण्यांना त्यावरून टोकतात. मनावर घेतले तर या शहराची सवय बदलते. आणि हेही विसरून चालणार नाही, की पहाटे उठून हे शहर झाडणाऱ्यांतले कितीतरी हात सायकलचे हँडल धरूनच कामावर येतात.

आरंभ आपल्याच दारापासून

हा लेख येथेच संपवता आला असता. परंतु दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपले अंगण पाहावे, म्हणून एक कबुली देणे आम्हांला भाग आहे. आम्ही ज्या एका मराठी संस्थेचे जुने सभासद आहोत, तिच्या आवारात पूर्वी सायकलींसाठी पत्र्याची पडवी होती. दहा-बारा वर्षांमागे सभागृहाचे नूतनीकरण झाले, तेव्हा ती पाडून तेथे मोटारींसाठी फरशी घातली गेली. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. तेव्हा कोणालाच काही वावगे वाटले नाही.

यंदा कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही सायकलींचा विषय मांडला. कोषाध्यक्षांनी चष्मा वर करून विचारले, "अहो, पण आपल्याकडे सायकलने येते कोण?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोषाध्यक्षांनाच बरोबर घेऊन आम्ही फाटकाशी तासभर उभे राहिलो. ग्रंथालयातील सेवक सायकलने आला. सभागृह झाडणारी बाई आली. तबल्याच्या वर्गाची दोन मुले आली. स्वयंपाकघरातले मामा आले, कॅरियरला भाजीची पिशवी बांधून. ध्वनिक्षेपक लावणारा मुलगा आला. सगळ्यांनी सायकली बाहेर भिंतीशी लावल्या आणि आम्हां दोघांना नमस्कार करून ते आत गेले. इतकी वर्षे ही माणसे आमच्यासमोरूनच आत जात होती. आम्ही माणसे पाहिली होती. ती कशी येतात, ते पाहिले नव्हते.

कोषाध्यक्ष बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन मोटारींची जागा कमी करू. पाऊस सुरू व्हायच्या आत करून घेऊ."

मृगाच्या आधी काम झाले. दहा कमानी, वर पत्रा, एक दिवा. उद्घाटन वगैरे काही केले नाही. पहिल्या दिवशी ग्रंथालयातील सेवक सायकल घेऊन फाटकापाशी सवयीने थांबला आणि भिंतीकडे वळू लागला. आम्ही त्याला आत बोलावले. "आत लावू?" त्याने दोनदा विचारले.

त्याचा तो प्रश्न ऐकून आम्हांला जी लाज वाटली, ती वाचकांना वाटण्याची वेळ न येवो. आपण कोणी कारखान्याचे मालक असाल, कोणी शाळेचे मुख्याध्यापक, कोणी रुग्णालयाचे चालक, कोणी नुसतेच एखाद्या कचेरीतील ज्येष्ठ लिपिक. येत्या आठवड्यात एके दिवशी अर्धा तास लवकर जाऊन आपल्या फाटकाशी उभे राहा. कोण सायकलने येते आणि ती कोठे ठेवते, तेवढे पाहा आणि मोजा. पुढे काय करावयाचे, ते आम्ही सांगण्याची गरज उरणार नाही.